जुन्या गाडीच्या पट्ट्या, बीडिंग आणि मोनोग्राम : वाचकांचे प्रश्न

फियाट आणि अँबॅसिडर बाळगणाऱ्या वाचकांची जी पत्रं येतात, त्यांतली बरीचशी रंगावर बसणाऱ्या वस्तूंबद्दल असतात : बाजूच्या चकचकीत पट्ट्या, काचेचं रबर, बंपर, नावाची अक्षरं. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी पद्मिनी १९७५ची आहे. डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवरची पट्टी सैल झाली आहे, खड्ड्यातून गाडी गेली की खुळखुळते. पट्टीखालून गंजाचे ओघळही आले आहेत. गॅरेजवाला म्हणतो, दोन-दोन स्क्रू मारू, नाहीतर डबल टेपने चिकटवू. काय करावं? – वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही करू देऊ नका. स्क्रू मारला की पट्टीला समोरून भोक पडतं आणि दाराच्या पत्र्यात पाणी शिरायला आणखी एक वाट होते. डबल टेप हल्लीच्या प्लास्टिक पट्ट्यांसाठी ठीक आहे, कारण त्यांची मागची बाजू सपाट असते. जुनी धातूची पट्टी मागून पोकळ असते, त्यामुळे टेपला धरायला फक्त दोन बारीक कडा मिळतात. शिवाय ओघळ आले आहेत, म्हणजे मागे गंज चालू आहे. टेप लावून तुम्ही तो झाकाल, एवढंच.

बिघाड पट्टीत नसून तिच्यामागच्या क्लिपमध्ये आणि क्लिपच्या भोकात आहे. स्प्रिंग स्टीलची क्लिप भोकाच्या काठावर घासते, तिथला रंग खरवडला जातो. पट्टीमागे धूळ साचते, ती पावसाळ्यात ओल धरून ठेवते, आणि उघड्या पडलेल्या काठापासून गंज सुरू होतो. भोक मोठं होतं, क्लिप सैल पडते, पट्टी हलायला लागते आणि हलल्यामुळे रंग आणखी खरवडतो. म्हणून नवी पट्टी आणून त्याच भोकांत बसवली तरी वर्षा-दोन वर्षांत पुन्हा तेच होणार.

काढायची रीत अशी. आधी दाराच्या आतलं हँडल आणि पॅड काढा. पट्टीच्या टोकांना बहुधा स्टड असलेली क्लिप असते आणि त्या स्टडचा (आटे असलेल्या दांड्याचा) नट आतल्या बाजूने असतो. तो न काढता बाहेरून पट्टी उचकटली तर टोकाशी हमखास मुरड पडते. नट गंजला असेल तर आदल्या रात्री गंजतेल (गंज सैल करणारं तेल) सोडून ठेवा. पट्टीच्या वर आणि खाली रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा, हेअर ड्रायरने पट्टी कोमट करा आणि प्लास्टिकची किंवा बांबूची चपटी पाती एका क्लिपच्या अगदी शेजारी सरकवून हलकेच उचला. एक क्लिप सुटली की पुढची. मधल्या पोकळ भागात पाती घालून उचलाल तर पट्टी वाकेल. स्क्रूड्रायव्हर हातातच घेऊ नका. पट्टी निघाली की तिच्या मागे पेन्सिलीने 'डावं पुढचं दार' असं लिहा आणि पुठ्ठ्यावर क्लिपांच्या जागा उतरवून घ्या. डावी-उजवी पट्टी दिसायला सारखी असली तरी टोकाचा उतार वेगळा असतो.

आता भोकं बघा. काठावर वरवरचा गंज असेल तर तो चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक लावा, धुवा, पूर्ण वाळवा. मग बारीक ब्रशने काठाला आणि आतून भोकाभोवती इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर रंग द्या. भोक मोठं झालं असेल तर आतून तांब्याची पट्टी दाबून धरायची आणि मिग वेल्डिंगने (तार वापरणाऱ्या विजेच्या वेल्डिंगने) एकेक ठिपका मारत भोक भरायचं. तांब्याला वेल्ड चिकटत नाही, म्हणून ते आधाराला चालतं. प्रत्येक ठिपक्यानंतर पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा. सलग वेल्ड केलं तर दाराचा पत्रा लाटेसारखा उठतो. गॅस वेल्डिंगला तर दार देऊच नका. काम चालू असताना दाराची काच काढलेली किंवा ओल्या जाड कापडाने पूर्ण झाकलेली हवी. वेल्डिंगची ठिणगी काचेवर पडली की तिथे बारीक खड्डा रुततो आणि तो पॉलिशनेही जात नाही. नवं भोक पाडताना काच पूर्ण वर चढवा, कारण खाली उतरलेली काच नेमकी पट्टीच्या मागे येते, आणि ड्रिलला नळीचा तुकडा चढवून जेमतेम पत्र्याइतकी खोली बाहेर ठेवा.

क्लिपा 'फियाटच्या द्या' एवढं सांगून घेऊ नका. व्हर्नियरने तीन मापं घ्या : पट्टीच्या मागच्या दोन ओठांमधलं अंतर, आतली खोली आणि पत्र्यातल्या भोकाचा व्यास. क्लिप रुंद असेल तर पट्टीचे ओठ फाकतात आणि समोरून फुगवटा दिसतो; अरुंद असेल तर पुन्हा खुळखुळ. एका पट्टीवर दोनच क्लिपा बसवून आधी चाचणी करा आणि मगच बाकीच्या घ्या, त्याही चार-पाच जास्त. बसवताना प्रत्येक क्लिपच्या पायाभोवती ब्युटिल सीलंटची (न वाळणाऱ्या, चिकट सीलंटची) वाटाण्याएवढी गोळी दाबा. पट्टी तळहाताने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, क्लिपच्या बरोबर वर दाबत बसवायची. पॅड लावण्याआधी आतून भोकांवर अँटी-रस्ट वॅक्स फवारा आणि दाराच्या तळातली पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. दार नव्याने रंगवलं असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) रंगाला निदान आठवडाभर वाळू द्या. ओल्या रंगावर पट्टी दाबली की तिची कड रंगात रुतते.

प्रश्न : जुन्या फियाटच्या पट्ट्या मी मेटल पॉलिशने घासल्या. कापड काळं झालं, पट्टी दोन दिवस चमकली आणि मग आधीपेक्षा निस्तेज झाली. मुळात ही पट्टी कसली आहे, हे घरी कसं ओळखायचं? – वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमची पट्टी ॲल्युमिनियमची आहे. कारखान्यातून अशा पट्ट्या ॲनोडाइझ होऊन येतात, म्हणजे धातूच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडचा कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. तो थर शाबूत असेल तर कापड काळं होत नाही. काळं झालं याचा अर्थ थर गेला आहे आणि तुम्ही उघडा धातू घासत होता. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत उघडं ॲल्युमिनियम काही दिवसांतच पांढरट पडतं.

ओळखण्यासाठी पट्टीची मागची बाजू बघा, पुढची नाही. मागे तांबडा गंज असेल तर क्रोम केलेलं लोखंड. मागेही स्वच्छ, करडी चमक असेल तर स्टेनलेस. हातात हलकी आणि मागे पांढरी भुकटी, तर ॲल्युमिनियम. मागे पिवळसर दिसली तर क्रोम केलेलं पितळ, आणि अशी पट्टी मिळाली तर ती जिवापाड जपा, कारण पितळ गंजत नाही आणि पुन्हा प्लेटिंग उत्तम घेतं. एकट्या चुंबकावर विसंबू नका. पट्ट्यांसाठी वापरलं जाणारं ४३० जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, आणि लोक ते लोखंड समजून प्लेटिंगला देऊन टाकतात. ॲल्युमिनियमवर थर शिल्लक आहे का, हे मल्टिमीटरने कळतं. तो कंटिन्युइटीवर (वीज आरपार जाते का हे तपासायच्या खुणेवर) ठेवून दोन्ही टोकं पट्टीवर हलकेच टेकवा. ॲनोडाइझचा थर वीज वाहू देत नाही. मीटर वाजला तर तिथला थर गेलेला आहे.

उपाय दोन आहेत. पट्टी पूर्ण करून घ्यायची असेल तर ॲनोडायझिंगवाल्याकडे द्या. तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उरलेला थर उतरवतो, पट्टी बफ करतो आणि पुन्हा पारदर्शक ॲनोडाइझ करतो. आधी वाकलेले भाग सरळ करून द्या, कारण नंतर वाकवलं तर थराला केसासारख्या भेगा पडतात. कॉस्टिकचं काम घरी करू नका. त्यात हायड्रोजन वायू निघतो, द्रावण उकळल्यासारखं उडतं आणि एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते. एवढा खटाटोप नको असेल तर हाताने पॉलिश करून ताबडतोब कडक वॅक्सचा हात द्या आणि पावसाळ्यात दर महिन्याला वॅक्स चालू ठेवा. त्यावर क्लिअर लॅकर मारायचा सल्ला बरेच जण देतात. घासून आरशासारख्या केलेल्या ॲल्युमिनियमला लॅकर नीट धरत नाही, कडेने पाणी शिरतं आणि आतून पांढऱ्या रेषा धावतात. मग पट्टी पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : अँबॅसिडरच्या पुढच्या काचेचं रबर बदललं, तरी पहिल्याच पावसात पायाशी पाणी. रबरातली चकचकीत पट्टीही एका कोपऱ्यात वर आली आहे. पुन्हा करायचं झालं तर क्रम काय असावा? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी पाणी काचेतूनच येतंय का ते बघा. एकाला टॉर्च आणि खडू देऊन आत बसवा, बाहेरून पाइपचं पाणी कमी दाबाने काचेच्या खालच्या कडेवर दहा मिनिटं सोडा, मग बाजूंना, शेवटी वर. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच ओलं दिसतं आणि काही कळत नाही. वायपरच्या दांड्याच्या वायसरमधून येणारं पाणीही पायाशीच पडतं. ते असेल तर काच काढायचीच गरज नाही.

काचेतूनच येत असेल तर रबर काढून पत्र्याची ओठासारखी कड पूर्ण उघडी करा. कोपऱ्यांत जुन्या सीलंटखाली ती कड बहुधा कुजलेली सापडते, आणि कुजलेल्या कडेवर जगातलं कोणतंही रबर पाणी अडवणार नाही. ती दुरुस्त करून प्रायमर आणि रंग द्या, मग पुढे जा. तयार बंद कड्याचं मोल्ड केलेलं रबर मिळालं तर तेच घ्या. मीटरवर मिळणारं घ्यावं लागलं तर जोड वरच्या कडेच्या मधोमध, कोपऱ्यात कधीच नाही, आणि रबर मापापेक्षा दहा-पंधरा मिलिमीटर लांब कापा. ओढून बसवलेलं रबर काही महिन्यांत आक्रसतं आणि जोड उघडतो. तुमची पट्टी कोपऱ्यात वर आली तीही बहुधा रबर तिथे ताणलं गेल्यामुळेच.

चकचकीत पट्टी धातूची असेल तर ती टेबलावर, रबर काचेवर चढवल्याबरोबर बसवायची. काच गाडीत गेल्यावर ती खाचेत नीट जात नाही. प्लास्टिकची लॉक पट्टी असेल तर उलट, काच बसल्यावर. त्यानंतर पत्र्याच्या बाजूच्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी सगळीकडून घाला, दोन्ही टोकं खालच्या मध्यावर फूटभर एकमेकांवरून जाऊ द्या. खाचेला साबणाचं पाणी लावा. ग्रीस, रॉकेल, ऑइल लावू नका, रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं. काच बाहेरून मधोमध ठेवून एकाने तळहाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी काचेच्या मध्याच्या दिशेने ओढायची. रबराचा ओठ पत्र्यावरून आत येत जातो. कोपरा अडला तर ठोकू नका, दोरी सोडून पुन्हा साबणपाणी लावा. लॅमिनेटेड काच कोपऱ्यावर एका जागी दाब आला की तडकते.

शेवटी रबर आणि पत्रा, तसंच रबर आणि काच यांच्यामध्ये न वाळणारं ब्युटिल जातीचं सीलंट नोझलने भरा. बाथरूमचं सिलिकॉन नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, त्याने पत्रा गंजतो, आणि पुढे कधी तिथे रंग द्यायचा झाला तर रंग धरत नाही.

प्रश्न : डिकीवरचा नावाचा मोनोग्राम पुटकुळ्यांनी भरला आहे. क्रोमवाला म्हणतो, 'हा मझाक आहे, होणार नाही.' खरं का? – वाचक, नागपूर

उत्तर : होतो, पण प्रत्येक क्रोमवाल्याला जमत नाही, आणि ज्याने स्वच्छ नाही म्हटलं त्याने तुमचं नुकसान टाळलं आहे. मझाक म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. तो साधारण ३८० ते ३९० अंश सेल्सिअसला वितळायला लागतो आणि आम्लात भराभर विरघळतो. लोखंडी बंपरच्या सवयीने कुणी तो आम्लाच्या टाकीत टाकला तर अक्षरांच्या कडा गोल होऊन बाहेर येतात.

नीट करायचा तर जुना थर उतरवल्यावर प्रत्येक पुटकुळी बारीक बुराने (ड्रिलसारख्या फिरणाऱ्या दातेरी टोकाने) तळापर्यंत साफ करावी लागते, कारण आत पांढरा क्षार राहिला की तो नव्या थराखालून पुन्हा उठतो. मग आधी सायनाइड असलेल्या अल्कधर्मी द्रावणातला तांब्याचा पातळ थर. आम्लयुक्त तांबं थेट चढवलं तर ते मझाकलाच खातं. त्यावर जाड तांबं, खड्डे कमी तापमानाच्या डागाने (सोल्डरने) भरणं, घासणं, पुन्हा तांबं, मग निकेल आणि क्रोम. हे सगळं सायनाइडचं काम आहे, घरी करायचं नाही. मोनोग्रामची नवी नक्कल मिळते. तिची अक्षरं बहुतेक वेळा जाड आणि कडा बोथट असतात. मूळ अक्षरांच्या कडा शाबूत असतील तर पैसे मूळ मोनोग्रामवरच घालवावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

काढताना डिकीच्या आतून बघा. मागच्या पिना स्प्रिंगच्या गोल क्लिपांनी धरलेल्या असतात. क्लिपेची पाकळी वाकवून ती सोडवा, समोरून अक्षर उचकटू नका, पिन मुळाशी तुटते. तुटलीच तर मागून भोक पाडून दोन मिलिमीटरची पितळी पिन इपॉक्सीने बसवता येते. अर्थात हे प्लेटिंग झाल्यावर.

प्रश्न : बंपर नव्याने क्रोम केले, वर्षभरात पापुद्रे निघाले. त्याच खेपेत पट्टीच्या स्टील क्लिपाही प्लेटिंगला दिल्या होत्या, त्यांतल्या काही बसवतानाच तुटल्या. – वाचक, पुणे

उत्तर : पापुद्र्याखाली काय दिसतं ते बघा. किंचित पिवळसर पांढरा धातू असेल तर फक्त क्रोम सुटलं आहे. निकेल चढवून फार वेळ उघडं ठेवलं की असं होतं. थेट लोखंड दिसत असेल तर खालची सफाईच झाली नव्हती, किंवा निकेल नावापुरतं होतं. सजावटीच्या क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्याही आत असतो आणि त्याला सूक्ष्म भेगा असतात. पाणी अडवतं ते खालचं निकेल, आणि बंपरला ते २५-३० मायक्रॉन तरी हवं. म्हणून काम देताना 'क्रोम करा' असं मोघम सांगू नका. तांबं, निकेल आणि क्रोम तिन्ही हवेत आणि निकेलची जाडी किती देणार, हे कागदावर लिहून घ्या. पोचे आधीच काढून द्या, नाहीतर बफिंगवाला ते घासून काढतो आणि पत्रा पातळ होतो. बंपरच्या मागच्या बाजूला प्लेटिंग नीट पोचत नाही. घरी आणल्यावर मागून इपॉक्सी प्रायमर आणि रंग द्या, कारण गंज तिथूनच पुढे येतो.

क्लिपा तुटल्या त्याचं कारण वेगळं. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत स्प्रिंग स्टील हायड्रोजन शोषून घेतं आणि ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर लगेच सुमारे २०० अंशांवर काही तास भाजलं तर धोका बराच कमी होतो, पण छोट्या कामासाठी कुणी भट्टी लावत नाही. क्लिपांना प्लेटिंग करूच नये. स्टेनलेसच्या घ्या, किंवा साध्या क्लिपा वॅक्समध्ये बुडवून बसवा. उरलेल्या ज्या क्लिपा तुटल्या नाहीत, त्याही वापरू नका. अशा क्लिपा कधी कधी बसवल्यावर दोन दिवसांनी, गाडी उभी असतानाच तुटतात.

प्रश्न : दारांचं नवं रबर लावलं, आता दार आपटल्याशिवाय लागत नाही. रबर दबेल का? – वाचक, नाशिक

उत्तर : स्पंजाचं असेल तर थोडं दबेल. भरीव असेल तर दबणार नाही, आणि आपटून आपटून दाराची बिजागरी आणि लॉक मात्र खराब होतील. कुठे अडतं ते शोधा : रबराला खडू लावून दार हलकेच बंद करा, खडू कुठे गडद उमटतो ते बघा. मग कागदाची पट्टी दारात धरून ओढा. ती थोड्या जोराने निघाली पाहिजे. फाटली तर रबर तिथे जाड आहे, सहज सुटली तर तिथून पाणी येईल. बिजागरीच्या बाजूलाच जास्त दाब असेल तर तिथे कमी उंचीचं रबर लागतं. चिकटवताना दोन्ही बाजूंना निओप्रिन सोल्युशन लावून दहा-पंधरा मिनिटं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, आणि कोपऱ्यात रबर ताणण्याऐवजी किंचित ढकलून बसवा.

प्रश्न : पट्ट्या, रबर बदललं तर पुढे 'व्हिंटेज' नोंदणीला अडचण येते का? – वाचक, ठाणे

उत्तर : नाही. केंद्राच्या जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते. चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. पट्ट्या आणि रबर त्यात येत नाहीत. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, हे आधी लक्षात घ्या. काढलेले मूळ भाग टाकून देऊ नका, नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवा. मुंबईत ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या हटल्या. मोडीत निघणाऱ्या गाड्यांमधून मिळणारे सुटे भाग आता दिवसेंदिवस कमीच होणार.

प्रश्न : आमच्या डुक्कर फियाटला (जुन्या, गोलसर फियाट ११००ला) दुसऱ्या गाडीच्या पट्ट्या बसवायच्या आहेत. पुढचं दार उलटं उघडतं, त्यामुळे टोकं एकमेकांवर घासतील अशी भीती वाटते. – वाचक, मडगाव

उत्तर : भीती रास्त आहे. या गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर आहेत, म्हणजे दोन्ही पट्ट्यांची टोकं तिथे समोरासमोर येतात. धातूची पट्टी लावण्याआधी तेवढ्याच जाडीचा आणि रुंदीचा पुठ्ठा मास्किंग टेपने दारावर लावा. दोन्ही दारं आधी एकेक करून आणि मग एकत्र सावकाश पूर्ण उघडा. पुठ्ठा जिथे दुमडेल तिथे पट्टीचं टोक तीन-चार मिलिमीटर मागे हवं. त्यासाठी पट्टी कापू नका, कापलेल्या टोकाला मूळ घडी राहत नाही. क्लिपांच्या भोकांत थोडीफार सूट असते, तेवढ्यात पट्टी मागे सरकवा, आणि सगळं जुळल्यावरच टोकाचा नट आवळा. आवळताना पितळी नट आणि रबरी वायसर वापरा.